स्वस्त मदरबोर्ड आणि एका शून्याचा फरक

मध्य प्रदेशातील सौसर तालुक्यातले मोहगाव हे अर्धनारीश्वराच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे छोटे गाव. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला हा पांढुर्णा जिल्हा संत्र्यांचा आणि कापसाचा. घरात मराठी, कारभारात हिंदी आणि मोठ्या खरेदीसाठी नागपूर. घरीच संगणक जोडू पाहणाऱ्या इथल्या विद्यार्थ्याला सुटे भाग आणायला सावनेरमार्गे नागपूर गाठावे लागते, आणि भाग बिघडला की पुन्हा तोच प्रवास. पेडणे किंवा काणकोणहून खरेदीला निघणाऱ्या आपल्या वाचकालाही ही अडचण परकी नाही. अशा ठिकाणी मदरबोर्ड किती वेगवान आहे यापेक्षा तो किती वर्षे मुकाट्याने चालेल, हा प्रश्न मोठा असतो.

पहिला फसवा पर्याय दोन-अडीच हजारांत समोर येतो. खोका नवा, वेष्टन नवे, वर ‘एच६१’ असे लिहिलेले. हा इंटेलचा चिपसेट २०११ सालचा आहे. जुन्या बोर्डांवरून काढलेल्या चिप नव्या पट्टीवर बसवून असे बोर्ड बाजारात येतात; त्यामुळे ‘नवा बोर्ड’ हे दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे असते. त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम चालते. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही किमान अट ठेवली आहे, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे संगणक पहिल्या दिवसापासूनच मुदत उलटलेला. याच्याशी नामसाधर्म्य असलेला ‘एच६१०’ मात्र २०२२ सालचा. बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी तो स्वीकारतो. नावात एका शून्याचा फरक, काळात अकरा वर्षांचा. बिलावर हे शून्य आहे का, ते पैसे देण्यापूर्वी पाहावे.

कमी खर्चात आज विचार करण्याजोगे पर्याय मोजकेच आहेत. इंटेलच्या बाजूला एच६१०, एएमडीच्या बाजूला ए५२० किंवा बी५५०. अभ्यास, लेखन, हिशेब आणि थोडे चित्रसंपादन यांसाठी ए५२० पुरेसा आहे. बी५५० वर पीसीआयई ४.० ची वेगवान साठवण मिळते, पण ती गरज सर्वांची नसते. एच६१० घेताना तो डीडीआर४ चा की डीडीआर५ चा हे नीट विचारावे, कारण दोन्ही प्रकारचे बोर्ड विकले जातात आणि एकाची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

खरी परीक्षा मात्र चिपसेटच्या नावात नसून प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी असते. एसएमपीएसकडून येणारा १२ व्होल्टचा प्रवाह प्रोसेसरला लागणाऱ्या सुमारे एक व्होल्टवर आणण्याचे काम तिथल्या व्हीआरएमचे. स्वस्त बोर्डांवर या भागावर अनेकदा धातूचा हीटसिंक नसतो. आय३-१२१०० सारखा प्रोसेसर जास्तीत जास्त ८९ वॅट घेतो, ते असा बोर्ड पेलतो. आय७-१२७०० मात्र १८० वॅटपर्यंत जातो. त्याच्याखाली व्हीआरएम तापतो आणि प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. महागडा प्रोसेसर आणि सर्वांत स्वस्त बोर्ड ही जोडी म्हणूनच पैशाचा अपव्यय आहे. सौसर परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा तर हा दोष लपत नाही. द्रव इलेक्ट्रोलाइट असलेल्या कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. या शतकाच्या पहिल्या दशकात निकृष्ट द्रवामुळे डोके फुगलेल्या कपॅसिटरांनी जगभर लाखो बोर्ड निकामी केले होते. घन प्रकारचे कपॅसिटर त्यानंतरच सर्रास आले. हीटसिंक असलेल्या बोर्डासाठी हजारभर रुपये जास्त मोजणे सार्थकी लागते. शोभेच्या दिव्यांसाठी मात्र एक रुपयाही देऊ नये.

आपल्याकडे उष्णतेपेक्षा दमट हवेचा त्रास अधिक. जोडण्यांवर गंज चढतो, आणि गंजलेला बोर्ड वॉरंटीत न घेण्याची अट कंपन्यांच्या कागदांत बहुधा असते. पावसाळ्यात संगणक रोज थोडा वेळ तरी चालू ठेवणे आणि तो समुद्राकडच्या खिडकीपासून दूर ठेवणे, एवढे हाती आहे.

वीज हा तिसरा धोका. चांगल्या बोर्डालाही निकृष्ट एसएमपीएस मारतो. ‘४५० वॅट’ असे नुसते छापलेल्या हलक्या डब्याऐवजी ‘८० प्लस’ प्रमाणपत्राचा घ्यावा. घरातील न्यूट्रल आणि अर्थिंग यांमधील दाब वीजतंत्रीकडून मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टांपलीकडे फार गेल्यास आधी अर्थिंग दुरुस्त करावे. पावसाच्या तोंडावर वीज कडाडू लागली की प्लग काढावाच, त्यासोबत इंटरनेटची तारही काढावी. बोर्डावरची नेटवर्क जोडणी जळते ती बऱ्याचदा याच तारेतून.

बोर्ड घेऊन परतीच्या बसला बसण्यापूर्वीचा अर्धा तास महत्त्वाचा आहे. दुकानात पडून राहिलेल्या एच६१० च्या बायोसला तेराव्या-चौदाव्या पिढीची ओळख नसू शकते. ए५२० च्या जुन्या साठ्यातही रायझन ५००० बाबत तोच प्रकार संभवतो. गावी दुसरा जुना प्रोसेसर कुठून आणणार? म्हणून बायोस दुकानातच अद्ययावत करून घ्यावे आणि पडद्यावर चित्र उमटल्याची खात्री करावी. नामांकित कंपन्यांच्या बोर्डांना सामान्यतः तीन वर्षांची वॉरंटी असते. ती अनुक्रमांकाशी बांधलेली असल्याने तो जीएसटी बिलावर लिहून घ्यावा. बिल शेजारच्या राज्यातले असले तरी चालते. सेवा केंद्र कुठे आहे आणि बोर्ड कुरियरने स्वीकारला जातो का, हेही तिथेच विचारावे. इंटेलच्या सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण फेकू नये. सॉकेटच्या पिना वाकल्या तर वॉरंटी जाते, आणि परत पाठवताना ते झाकण नसल्यास बोर्ड नाकारला जाऊ शकतो.