नेम, नियम आणि निवाडा

अमरावतीजवळचें भातकुली हें प्राचीन भोजकट होय, असें परंपरा सांगते. रुक्मिणीहरणाच्या वेळीं तिचा भाऊ रुक्मी श्रीकृष्णाकडून पराभूत झाला; तें तोंड घेऊन कुंडिनपुरास परत न जातां त्यानें भोजकट वसविलें. रुक्मी मोठा धनुर्धर. परंतु त्याचा अंत रणांगणावर झाला नाहीं, द्यूताच्या पटावर झाला. भागवतांत कथा आहे कीं, नातीच्या विवाहप्रसंगीं त्यानें बलरामास खेळावयास बसविलें, बलरामानें जिंकलेला डाव आपलाच म्हणून सांगितला, आणि फांसे व बाण हा राजांचा खेळ, गुराख्यांचा नव्हे, असें वर हिणविलें. बलरामानें त्यास तेथेंच ठार केलें. डावाचा खरा निवाडा आकाशवाणीनें दिला होता. पण रुक्मीनें तो मानला नाहीं. निवाडा होऊन भागत नाहीं; तो उभयपक्षीं मान्य व्हावा लागतो.

हेंच सत्य आपल्या काळांत इंग्लंडमधील एका बाणांच्याच खेळानें पुन्हां शिकविलें. त्या खेळास डार्ट्स म्हणतात. पावणेआठ फुटांहून किंचित् अधिक अंतरावरून हातानें लहान बाण फेकावयाचे. समोरच्या वाटोळ्या फळीचे वीस भाग असतात. विसाच्या दोहों बाजूंस एक व पांच हे आंकडे मुद्दाम ठेवले आहेत, म्हणजे नेम रेसभर चुकला कीं शिक्षा ठरलेली. तीन बाणांत अधिकांत अधिक १८० गुण. गंमत अशी कीं, येथें बेरीज नसून वजाबाकी आहे: ५०१ पासून उतरत नेमकें शून्यावर यावयाचें, आणि शेवटचा बाण दुपटीच्या अरुंद पट्टींत किंवा फळीच्या मध्यबिंदूंतच बसला पाहिजे.

दारूच्या गुत्त्यांत वाढलेल्या या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा १९७८ सालीं नॉटिंगहॅम येथें झाली व वेल्सचा लेटन रीस अजिंक्य ठरला. पुढें दूरचित्रवाणीवरील स्पर्धा कमी झाल्या आणि धंदेवाईक खेळाडूंची उपजीविका अडचणींत आली. जुन्या संघटनेवर रुष्ट होऊन १९९३ सालीं सोळा अग्रगण्य खेळाडू बाहेर पडले. परिणाम असा कीं, १९९४ सालीं जगास दोन जगज्जेते लाभले: जुन्या संघटनेचा जॉन पार्ट आणि पर्फ्लीट येथील नव्या स्पर्धेंत फिल टेलरवर मात करणारा डेनिस प्रीस्टली. दोघांचाहि नेम अचूक. पण जगांत पहिला कोण, हें फळी सांगूं शकत नव्हती. प्रकरण न्यायालयांत गेलें. १९९७ सालीं तडजोड होऊन, कोणत्या स्पर्धेंत उतरावें याचें स्वातंत्र्य खेळाडूंस मिळालें. २०२० सालीं जुनी संघटना बुडाली.

नवी स्पर्धा मात्र वाढत गेली. डिसेंबर २००७ पासून ती लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्यें भरते. २०२५ सालीं ल्यूक लिटलर हा अवघ्या सतरा वर्षांचा मुलगा तेथें जगज्जेता झाला. २०२६ च्या स्पर्धेंत १२८ खेळाडू उतरले. विजेत्यास दहा लक्ष पौंड होते, आणि ते पुन्हां लिटलरनेंच नेले. त्याच स्पर्धेंत नितीन कुमार यानें सामना जिंकून भारताच्या नांवावर तेथील पहिला विजय नोंदविला.

आम्हां वऱ्हाडकरांस यांतून घेण्यासारखें आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. परंतु खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा दिल्लीस भरावयास २०२५ साल उजाडलें. कौशल्य पाहून परक्यांनीं टाळ्या वाजविणें निराळें, आणि त्यांनीं आपल्या नियमांनीं खेळून आपल्याशीं झुंजणें निराळें. नेम एकट्यानें साधतां येतो. नियम मात्र सर्वांनीं मिळून मान्य करावे लागतात, आणि तें काम अधिक अवघड आहे.