जागता राखणदार

२६ ऑगस्ट १८४६. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टाउन हॉल. गाणारे २७१, वाजवणारे १२५ आणि त्यांच्यापुढे उभा सदतीस वर्षांचा जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सन. त्या दिवशी त्याचा ‘एलिजा’ हा ऑरेटोरिओ पहिल्यांदा सादर झाला आणि श्रोत्यांनी त्यातल्या आठ रचना पुन्हा गायला लावल्या.

ऑरेटोरिओ म्हणजे काय? आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला सांगायचं तर कीर्तनातलं आख्यान शेकडो कंठांनी, मोठ्या वाद्यवृंदाच्या साथीनं उभं करायचं. कथा धार्मिक, पण नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. सगळं काम सुरांनी करायचं.

यातला एलिजा म्हणजे आमचे हजरत इलियास. कुरआनात त्यांचा उल्लेख आहे आणि बअल या देवाच्या भक्तांशी झालेला त्यांचा झगडाही आहे. बायबलमध्ये ही कथा विस्तारानं येते. दुष्काळ पडतो, पाऊस येतो, प्रेषित जिंकतो. पण राणी त्याच्या जिवावर उठते. तो रानात पळतो आणि एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. एवढा जिंकलेला माणूस! मागता मागता त्याला झोप लागते.

इथे मेंडेल्सननं आधी तीन स्त्री-आवाज ठेवले आहेत, कोणत्याही वाद्याशिवाय. पहिल्या प्रयोगात इथे दोनच आवाज होते. नंतर त्यानं ही जागा बदलली. आणि लगेच सुरू होतं ते समूहगान, ज्याच्यासाठी आज मी बोलतो आहे. शब्द दाऊदच्या स्तोत्रांतले, म्हणजे आम्ही ज्याला जबूर म्हणतो त्यातले. आशय एवढाच की, इस्राएलचा राखणदार डुलकी घेत नाही, झोपत नाही. खाली तंतुवाद्यं तीन-तीन स्वरांच्या झुळका घेत राहतात, थांबतच नाहीत. मध्ये दुसरी चाल येते, दुःखात चालणाऱ्याला तो उभारी देईल असं सांगणारी. मग दोन्ही चाली एकमेकींत मिसळतात. झोपलेल्याला जाग येऊ नये, इतक्या बेतानं.

हे कळलं तेव्हा मला आयतुल कुर्सी आठवली. आमच्या घरांतून रात्री निजताना ती म्हणतात. तिच्यातही अल्लाहला डुलकी येत नाही आणि झोपही येत नाही असंच सांगितलं आहे. डुलकी वेगळी, झोप वेगळी. हा बारकावा दोन्हीकडे आहे. ज्यानं गावातला जागल्या पाहिला आहे, त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. पहाटेची डुलकीच घात करते.

मेंडेल्सनला फार दिवस मिळाले नाहीत. मे १८४७ मध्ये त्याची लाडकी बहीण फॅनी गेली. ती स्वतःही संगीतकार होती. ४ नोव्हेंबरला तो गेला, वय अडतीस. तो ज्यू घराण्यात जन्मला आणि सातव्या वर्षी त्याचा बाप्तिस्मा झाला होता. पण नाझींना जन्म तेवढा दिसला. १९३६ मध्ये लाइपझिगमधला त्याचा पुतळा हलवला गेला, त्याचं संगीत बंद झालं. पुढे युरोपात लाखो ज्यूंची जी कत्तल झाली, ती आठवून हे गाणं ऐकलं की प्रश्न पडतो, त्या रात्री राखणदार कुठे होता? मला उत्तर येत नाही. पण ते गाणं बंद करावंसंही वाटत नाही. पुतळ्याची प्रतिकृती २००८ मध्ये लाइपझिगमध्ये पुन्हा उभी राहिली.

हाच प्रेषित आपल्या कोकणातही आहे. मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणून ओळखतो, त्याला एलियाहू हानाबी म्हणतात. अलिबाग तालुक्यात खंडाळ्याजवळ एका खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा. ज्या काळात बायबलच्या कथा विलायतेत ऑरेटोरिओ होऊन गाजत होत्या, त्याच एकोणिसाव्या शतकात या मंडळींनी मुंबईत त्याच कथांवर मराठी कीर्तनं उभी केली. लग्न असो, नवस फेडायचा असो, दूरचा प्रवास असो, घरी सगळे जमतात. ताटात गोड पोहे, खोबरं आणि फळं. मग सारे मिळून एलियाहूचं गीत गातात. त्या ताटाला ते मलिदा म्हणतात. आमच्याकडे दर्ग्यावर चपाती कुस्करून तूप-गूळ घालून जो करतात, त्याचंही नाव तेच.