हबविना चाक फिरते कसे?

हैदराबादच्या बहादुरपुरा भागातील सुधा कार्स संग्रहालयात वांगे, बूट, कॅमेरा, क्रिकेटचा चेंडू अशा आकारांच्या आणि प्रत्यक्ष चालणाऱ्या गाड्या मांडलेल्या आहेत. संस्थापक के. सुधाकर यांनी 2005 मध्ये याच शहरात 41 फूट 7 इंच उंचीची तीनचाकी सायकल चालवून गिनेस विक्रम नोंदवला. तिच्या चाकाचा व्यास 17 फूट. तरी तेही चाक फिरते ते मधल्या आसाभोवतीच. हबविना चाकातून नेमका हा मध्यच काढून टाकलेला असतो.

बैलगाडीच्या चाकाचा तुंबा म्हणजेच मोटारसायकलचा हब. हबविना चाकात ना हब, ना आरे. आतले स्थिर कडे थेट स्विंगआर्मला जोडतात; त्याभोवती मोठ्या व्यासाचे बेअरिंग बसते आणि त्यावर टायरसह रिम फिरते. इंजिनाची शक्ती रिमला जोडलेल्या दातेरी कड्यामार्फत पोहोचते. ब्रेकची डिस्कही रिमलाच आणि कॅलिपर स्थिर कड्यावर. चाकातून आरपार दिसते. दुचाकी नव्याने घडवणाऱ्यांना मोह पडतो तो या पोकळीचाच.

मोह महागाचा आहे. 60 सेंटीमीटर व्यासाच्या चाकाची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगाने धावत असता 4 सेंटीमीटर व्यासाच्या नेहमीच्या बेअरिंगचा पृष्ठभाग ताशी जेमतेम 7 किलोमीटर वेगाने सरकतो. बेअरिंग 40 सेंटीमीटरचे केले, की हाच वेग ताशी 67 किलोमीटरवर जातो. घर्षण आणि उष्णता वाढते. चिखलपाणी रोखणारे सीलही दहापट लांब लागते; कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ही बाब क्षुल्लक नव्हे. खड्ड्यात आपटून कडे किंचित लंबगोल झाले, तर गोळ्या अडकून चाक जाम होण्याचा धोका असतो. नेहमीच्या चाकात तो धक्का आरे आणि रिम सोसतात; बेअरिंग त्यापासून दूर, मध्यात सुरक्षित असते.

स्वित्झर्लंडमधील रचनाकार फ्रँको स्बारो यांनी 1989 च्या सुमारास अशा चाकाची मोटारसायकल लोकांसमोर आणली. सध्या फिनलंडची व्हर्ज कंपनी मागच्या हबविना चाकातच विद्युत मोटर बसवते. त्यामुळे साखळी, दाते यांची गरजच उरत नाही. या चाकाला खरा उपयोग सापडला तो इथे.

नोंदणीकृत दुचाकीला असे चाक बसवणे मात्र सोपे नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.