दोन बागेलेन : लाम्पुंगमधल्या एका जावानीज गावाची गोष्ट

आज आपल्याला फार फिरायचं नाही, बहुतेक वेळ एकाच गावात काढायचा आहे.

इंडोनेशियाच्या नकाशात बागेलेन हे नाव दोनदा सापडतं. एक बागेलेन मध्य जावात, पुरवोरेजोच्या परिसरात. ते जुनं. दुसरं सुंदा सामुद्रधुनीच्या पलीकडे, सुमात्रा बेटाच्या दक्षिण टोकाला, लाम्पुंग प्रांतातल्या गेदोंग ताताआन इथं. ते वसलं १९०५ साली. जुन्या गावाच्या मुलखातून निघालेल्या शेतकऱ्यांनी नव्या जागेला आपल्या मुलखाचंच नाव दिलं. हे नाव तिकडे का गेलं, आणि जिथं गेलं तिथं आधी कोण होतं, हे दोन प्रश्न आज आम्ही तुमच्यापुढे ठेवणार आहोत.

पहिला प्रश्न घेऊ. जावा हे भाताचं बेट. ज्वालामुखीची सुपीक माती, बारमाही पाणी आणि माणसांची दाटी. १८३० पासून डच सरकारने तिथल्या शेतकऱ्यांकडून ऊस, नीळ, कॉफी ही पिकं सक्तीने पिकवून घेतली आणि त्या पैशावर हॉलंडची तिजोरी भरली. १८९९ मध्ये फान देव्हेंटर या डच वकिलाने लेख लिहून सांगितलं की हा पैसा म्हणजे हॉलंडच्या डोक्यावरचं कर्ज आहे आणि ते फेडणं हा अब्रूचा प्रश्न आहे. १९०१ साली राणी विल्हेल्मिनाच्या भाषणातून हे सरकारी धोरण झालं. त्याची तीन कलमं : पाटबंधारे, शिक्षण आणि स्थलांतर. दाटी जावात आहे, जमीन बाहेरच्या बेटांवर पडून आहे, तेव्हा माणसं उचलून तिकडे न्या. कागदावर हिशेब अगदी सरळ दिसतो, नाही का?

मग १९०५ मध्ये हाइटिंग नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली केदू भागातली १५५ कुटुंबं जहाजात बसली. ती उतरली तेलुक बेतुंग बंदरात. हे तेच बंदर, जे १८८३ मध्ये क्राकाताऊच्या स्फोटानंतरच्या लाटांनी धुऊन नेलं होतं. तिथून पुढे आतल्या रानात. झाडं तोडायची, मुळं उपटायची, राहुट्या बांधायच्या, आणि पहिलं पीक हाती येईपर्यंत सरकारच्या मदतीवर जगायचं. हिवतापाने माणसं आजारी पडत होती, ते वेगळंच.

अशा गावाचं रूप कसं असतं? सरळ रस्ता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सारख्या मापाच्या जागा. घर जमिनीला टेकलेलं. घराभोवती परसबाग, तिला जावानीज 'पेकारांगान' म्हणतात : नारळ, केळी, फणस, थोडा कसावा, चार कोंबड्या. पाणी पोचलं की पलीकडे भातखाचरं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, जावाचाच तुकडा कापून आणून ठेवलाय. सणाला स्लामेतानचं जेवण, रात्री वायांगच्या पडद्यावर अर्जुन आणि भीम. आपल्या ओळखीची मंडळी, बरं का! गावांची नावंही कानावर घेऊन पाहा. सिदोमुल्यो : यात 'सिद्ध' आणि 'मूल्य' हे दोन्ही शब्द दडलेले आहेत. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्यांनी गावाला नाव दिलं ते समृद्धीचं. आम्हांला ही नावं नवसासारखी वाटतात.

आता एक महत्त्वाची गोष्ट. सुरुवातीला सरकार प्रत्येक कुटुंबावर बराच खर्च करत होतं. तो परवडेना. मदतीऐवजी कर्ज देऊन पाहिलं, तेही नीट जमलं नाही. १९३० च्या दशकात वेगळी युक्ती निघाली. जावात कापणीला मदत करणाऱ्याला पिकाचा वाटा मिळतो, त्याला 'बावोन' म्हणतात. नवी कुटुंबं मुद्दाम सुगीच्या तोंडावर आणायची. जुन्या वसाहतकऱ्यांच्या घरी ती उतरणार, त्यांचं भात कापणार आणि वाट्याच्या धान्यावर रान साफ होईपर्यंत तग धरणार. सरकारचा खर्च एकदम खाली आला. आमच्या मते या वसाहती टिकल्या त्या याच जोरावर. योजना सरकारची, पण ती उभी राहिली एका गावाने दुसऱ्याला दिलेल्या सुगीच्या वाट्यावर. याच काळात वाय सेकाम्पुंग नदीवर आर्गोगुरुहचं धरण झालं, कालवे निघाले आणि मेत्रो हे शहर उभं राहिलं.

हिशेबाचं काय झालं? १९२० ते १९३० या दहा वर्षांत जावा आणि मदुरा मिळून लोकसंख्या साठ लाखांहून अधिक वाढली. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या सगळ्या वसाहती मिळून माणसं होती दोन लाखांच्या आसपास. म्हणजे जावाची दाटी काही कमी झाली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या डिसेंबरात हीच योजना 'ट्रान्समिग्रासी' या नावाने पुन्हा सुरू झाली, आणि पहिली कुटुंबं गेली ती पुन्हा लाम्पुंगलाच. पुढे सुहार्तोंच्या काळात जागतिक बँकेच्या कर्जावर ती प्रचंड वाढली. दाटी तरीही राहिलीच.

आणि आता दुसरा प्रश्न, आमच्या दृष्टीने जास्त अवघड. ती जमीन खरंच 'पडून' होती का?

लाम्पुंगचे मूळ रहिवासी नदीकाठी, खांबांवर उभारलेल्या घरांत राहत. रानाचा तुकडा जाळून भात घ्यायचा, मग मिरी लावायची, आणि जमीन थकली की सोडून पुढच्या तुकड्याकडे जायचं. काही वर्षांनी रान पुन्हा उभं राहिलं की परत यायचं. लाम्पुंगची मिरी बांतेनच्या सुलतानांच्या काळापासून जगाच्या बाजारात जात होती. विश्रांती घेणारी ही जमीन 'मार्गा' म्हणजे कुळसमूहाच्या मालकीची. पण मोजणीदाराच्या नकाशावर रान म्हणजे मोकळी जागा. जमिनीची विश्रांती त्याने रिकामेपण म्हणून नोंदवली. सगळी गोची इथं आहे.

आज लाम्पुंग प्रांतात दर दहा माणसांतली सहाहून अधिक जावानीज आहेत, आणि स्वतःला लाम्पुंग म्हणवणारी सातांत एक. आपल्याच नावाच्या प्रांतात अल्पसंख्य होणं म्हणजे काय, याचा विचार करा.

पण मग बागेलेनच्या शेतकऱ्याला आरोपी करायचं का? आम्हांला तसं वाटत नाही. तो जमीन बळकावायला निघाला नव्हता, भूक घेऊन निघाला होता. कुणाची जमीन आपल्याला देतायत हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याच्या नातवंडांना आज 'पुजाकेसुमा' म्हणतात. ऐकायला पूजेचं कुसुम, पण खरं तर ही 'पुत्रा जावा केलाहिरान सुमातेरा' या शब्दांची आद्याक्षरं जोडून केलेली गंमत आहे : सुमात्रात जन्मलेले जावाचे पुत्र. त्यांना परत जायला जागा नाही, आणि जायचंही नाही. त्यांचं बागेलेन हेच.

गेदोंग ताताआनला आज स्थलांतराचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. गाव वसवणाऱ्यांच्या कष्टांची आठवण तिथं ठेवलीय, आणि ती ठेवायलाच हवी. आमचं म्हणणं एवढंच, की या गावाचा इतिहास १९०५ पासून सुरू करू नये. कुठल्याही योजनेत 'पडीक जमीन' हा शब्द दिसला, की ती कुणाच्या हिशेबाने पडीक आहे, हे आधी विचारावं.

आज इथंच थांबतो.