दिवसाचं वचन : हेर्नहुट ते टेगेल

आजचा विषय आहे ख्रिस्ती जीवनातली रोजची उपासना. हा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. कुणी म्हणतं, नेम आहे म्हणून माणूस टिकतो. कुणी म्हणतं, रोज तेच ते केलं की त्यातला जीव जातो आणि उरते ती घोकंपट्टी. आपल्याकडे संध्येबद्दल, हरिपाठाबद्दल हाच वाद पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आमचा कल कुठे होता हे तुम्ही ओळखलंच असेल. नेम म्हणजे विचाराला सुट्टी, असं आम्ही बरीच वर्षं धरून चाललो होतो. एका छोट्या पुस्तकाच्या इतिहासाने आम्हाला ते मत तपासायला लावलं. आज त्याच पुस्तकाबद्दल बोलू.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी, अशी सूचना ‘दिदाखे’ या अगदी सुरुवातीच्या ग्रंथात आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टच्या नियमावलीने मठातला दिवस आणि रात्र प्रार्थनेच्या वेळांत बांधून टाकली. परिणाम असा झाला, की नित्य उपासना हे हळूहळू मठवाल्यांचं काम ठरलं. शेत नांगरणाऱ्याला तेवढी सवड कुठली? ल्यूथरने १५२९च्या लघु प्रश्नोत्तरीत घरच्या माणसांसाठी सकाळची आणि रात्रीची छोटी प्रार्थना दिली आणि पुढे सांगितलं, की ती झाली की आनंदाने कामाला लागा. उपासना घरात आली ती अशी.

आता मुख्य गोष्ट. १७२२ साली मोरावियातून धर्मछळाला कंटाळून निघालेली काही कुटुंबं सॅक्सनीत आली. काउंट झिंझेनडॉर्फ नावाच्या तरुण जमीनदाराने त्यांना आपल्या जमिनीवर आसरा दिला. त्या वस्तीचं नाव हेर्नहुट. ३ मे १७२८च्या संध्याकाळी झिंझेनडॉर्फने जमलेल्या लोकांना दुसऱ्या दिवसासाठी एक छोटं वचन दिलं. तेव्हा वस्तीत बत्तीस घरं होती. मग रोज कुणीतरी घरोघर जाऊन त्या दिवसाचं वचन सांगायचं. या वचनाला ते ‘लोझुंग’ म्हणत. हा शब्द छावणीतला आहे. पहारेकऱ्याने हटकल्यावर सैनिक जो परवलीचा शब्द सांगतो, तो लोझुंग. म्हणजे दिवस हा पहारा आणि वचन ही त्या दिवसाची ओळख.

१७३१ पासून ही वचनं वर्षभराची एकत्र छापली जाऊ लागली. जुन्या करारातलं वचन चिठ्ठी टाकून निघतं. त्याला जोड म्हणून नव्या करारातलं वचन मात्र माणूस विचार करून निवडतो. आम्हाला ही रचना फार अर्थपूर्ण वाटते. आपल्या सोयीचं तेवढंच वाचायचं, ही पळवाट चिठ्ठीने बंद होते. त्याच वेळी सगळंच दैवावर सोडलेलं नसतं.

आता कुणी विचारेल, हा कौल लावण्याचाच प्रकार नाही का? शंका रास्त आहे. शुभवर्तमानाची पानं उघडून संसारातल्या कामांचा कौल घेणं संत ऑगस्टीनला मुळीच पसंत नव्हतं. मात्र इथे एक फरक लक्षात घ्या. कौल घेणारा आपला प्रश्न घेऊन ग्रंथाकडे जातो. लोझुंगमध्ये वचन आधी येतं, प्रश्न पडायचा तो मागाहून.

यापुढची गोष्ट विसाव्या शतकातली. १९३५ साली डिट्रिख बोनहॉफर हा तरुण ईश्वरविद्येचा अभ्यासक स्टेटिनजवळ फिंकेनवाल्ड इथे होणाऱ्या पाळकांना शिकवू लागला. हिटलरच्या तालावर चालायला नकार देणाऱ्या चर्चची ही शाळा होती. तिथे दररोज अर्धा तास एका उताऱ्यावर गप्प बसून मनन करायचं, आणि आठवडाभर उतारा तोच. विद्यार्थी वैतागले. कुणाला झोप यायची, कुणाचं मन भरकटायचं. बोनहॉफरचं उत्तर साधं होतं. मन ज्या माणसाकडे धावतं, त्याच माणसाला प्रार्थनेत घ्या. खुद्द कार्ल बार्टने १९३६ साली त्याला पत्रातून कळवलं, की या सगळ्याला मठाचा वास येतोय. टीकाकार मोठा होता आणि टीकाही पोकळ नव्हती. देश पेटलेला असताना डोळे मिटून बसायचं, याला काय म्हणायचं? १९३७ साली गेस्टापोने शाळाच बंद केली. तिथून बाहेर पडलेल्या अनेकांना अटक झाली.

जून १९३९ मध्ये बोनहॉफर न्यूयॉर्कला पोहोचला. मित्रांनी त्याच्यासाठी सुरक्षित काम शोधून ठेवलं होतं. त्याला तिथे चैन पडेना. २० जूनला त्याने त्या कामाला नकार दिला, पण मन शांत नव्हतं. २६ तारखेला वाचताना पौलाने तीमथ्याला हिवाळ्याआधी ये म्हणून केलेली विनवणी समोर आली. ती दिवसभर डोक्यातून जाईना, असं त्याने रोजनिशीत नोंदवलं. हे शब्द मी मला उद्देशून घेतले तर तो शास्त्राचा गैरवापर होणार नाही, असंही लिहिलं. नीट पाहा, निर्णय आधीच झालेला होता. वचनाने त्याच्या वतीने काही ठरवलं नाही. घेतलेल्या निर्णयासोबत उभं राहायचं बळ दिलं. पुढच्याच महिन्यात तो जर्मनीला परतला.

५ एप्रिल १९४३ला त्याला अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून १९४४ साली तो मित्राला लिहीत होता, की धर्माच्या आधाराविना जगणाऱ्या जगात ख्रिस्त कोण, याचा विचार करायला हवा. इतका धीट प्रश्न विचारणाऱ्याने नेम तर कधीच सोडला असेल, असं वाटतं ना? २० जुलैला हिटलरवरचा हल्ला फसला. या कटाशी बोनहॉफरच्या घरच्यांचा संबंध होता, म्हणजे आता आपली सुटका नाही हे त्याला कळून चुकलं असणार. दुसऱ्याच दिवशी त्याने मित्राला पत्र लिहिलं. त्यात काल-आजच्या लोझुंगचा आनंद घेतोय, असा उल्लेख आहे. ९ एप्रिल १९४५ला फ्लॉसेनब्युर्ग इथे त्याला फाशी दिलं गेलं.

मित्रहो, नेमाची बाजू घेताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. हेच छोटं पुस्तक हिटलरचा जयजयकार करणाऱ्या घरांतही वाचलं जात होतं. तेच वचन, तीच तारीख. तेव्हा नेम पाळला की माणूस आपोआप शहाणा होतो, असं म्हणायची सोय नाही. नेम काय करतो? रोज एक क्षण असा राखून ठेवतो, जिथे आपल्या मताखेरीज दुसरं काही ऐकू येऊ शकतं. ऐकायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. नेम म्हणजे विचाराला सुट्टी, असं आम्ही समजत होतो. सुट्टी घेणारे निघतात, हे खरंच आहे. पण टेगेलच्या कोठडीत सगळ्यात मोकळा विचार करणारा माणूस रोजचं वचन वाचत होता, हे आम्हाला उशिरा कळलं.

हेर्नहुटची वचनं आजही दरवर्षी निघतात, पन्नासहून अधिक भाषांत. आता तुमचे प्रश्न घेऊ.