ऑल्टर, टॉम

(२२ जून १९५० – २९ सप्टेंबर २०१७). चित्रपट, रंगभूमी व दूरचित्रवाणीवरील भारतीय अभिनेते. जन्म मसुरीचा, अमेरिकी मिशनरी कुटुंबात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचे शिक्षण घेऊन ‘चरस’ (१९७६) मधून ते पडद्यावर आले.

लखनऊशी त्यांचे नाव जोडले गेले ते सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मुळे (१९७७). त्यात अवध खालसा होण्याच्या तोंडावर, १८५६ साली, लखनऊचा रेसिडेंट जनरल आउट्रम (रिचर्ड ॲटनबरो) नवाब वाजिद अली शाहविषयी विचारपूस करतो. कॅप्टन वेस्टन झालेले ऑल्टर नवाबाची कविता आधी उर्दूत म्हणतात, मग इंग्रजीत अर्थ सांगतात. जनरलला त्यात राम वाटत नाही. कॅप्टनच्या आवाजात मात्र कवितेवरचे प्रेम लपत नाही. इतक्या सहज उर्दूसाठी राय यांना याहून योग्य नट मिळणे कठीणच होते.

तरीही हिंदी चित्रपटांनी त्यांना बहुधा गोऱ्या साहेबातच अडकवले, हा अन्यायच. दूरदर्शनवर ‘जुनून’मधला केशव कलसी गाजला. १९७७ मध्ये नसीरुद्दीन शाह व बेंजामिन गिलानी यांच्यासह त्यांनी ‘मोटली’ ही नाट्यसंस्था स्थापली. पुढे त्यांनी रंगमंचावर मौलाना आझाद एकट्याने उभे केले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.