ट्राम आणि चुंबकसूची

मोजमापात चुका दोन जातींच्या. एक कधी इकडे झुकते, कधी तिकडे. फरकांच्या वर्गांची बेरीज किमान ठेवण्याची लेजान्द्रची १८०५ ची रीत तिला आवरते. दुसरी ठरल्या चालीने येते. तिच्यापुढे हजार नोंदींची सरासरीही फसते.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीचे चुंबकत्व मोजत. पुढे शहरात विजेची ट्राम येणार असे ठरले. ती दिवसा धावणार, रात्री थांबणार. पृथ्वीच्या चुंबकत्वातही रोजचा चढउतार असतोच. मग खरा कोणता, ट्रामचा कोणता? नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय वेध अलिबागला हलवले. पण १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, फरक काढला, अन् जुनी मालिका नवीशी जोडली. १९०७ साली ट्राम धावली; साखळी मात्र तुटली नाही.